दुसऱ्या महायुद्धातले दोन वाद्यवृंद

जर्मनीने १९३५ मध्ये रेडिओवर जॅझला बंदी घातली होती. तरी युद्धात गोबेल्सच्या प्रचार खात्याने ‘चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा’ हा जॅझचाच वाद्यवृंद हाताशी धरला. चाल लोकप्रिय अमेरिकी गाण्याची, सुरुवातीचे शब्दही मूळचेच, आणि मग चर्चिल-रूझवेल्टची टिंगल, ज्यूंविषयी गरळ. ब्रिटनसाठी लघुलहरींवरून हे ऐकवलं जाई.

सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राड शहराचं सगळंच वेगळं. जर्मन सैन्याच्या वेढ्यात माणसं उपासमारीने मरत होती. रेडिओ वाद्यवृंदात वाजवू शकणारे जेमतेम १५ जण उरलेले. फुंकवाद्यं वाजवायला छातीत दमच नव्हता. आघाडीवरून वादक आणले, जादा शिधा दिला आणि ९ ऑगस्ट १९४२ ला वाद्यवृंद संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) तिथे सादर केली. आधी सोव्हिएत तोफांनी जर्मन मोर्चे गप्प केले, मग कर्ण्यांवरून तेच सूर त्यांच्याही कानी घातले.

प्रचार दोन्हीकडे होता. स्तालिनच्या राजवटीनेही या सिंफनीचा पुरेपूर वापर करून घेतला, हे विसरता येत नाही. तरी माझं मन लेनिनग्राडकडेच झुकतं. चार्लीची चालसुद्धा उसनी होती. इथे वाजवणारे आणि ऐकणारे एकाच वेढ्यात उपाशी होते.