सोळा तासांचं फास्टिंग की एकादशी-संकष्टी? ठरवण्याआधी ताट बघा

वजन वाढलंय किंवा शुगर बॉर्डरला आलीय, आणि सोळा-आठ सुरू करू का आठवड्याला एक उपास धरू असा घोळ डोक्यात असेल तर पहिल्यांदा हे बघा की त्या दिवशी तुमच्या पोटात नक्की काय जाणारे. सगळा फरक तिथंच आहे.

सोळा-आठ म्हणजे सोळा तास पाणी नाहीतर कोरा चहा, आणि उरलेल्या आठ तासात रोजचंच जेवण. आपल्याकडं दीक्षित डाएटमुळं दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं हे घराघरात पोचलंय त्यामुळं कुणाला फार नवल वाटत नाही. रीलवाले ऑटोफॅजी ऑटोफॅजी करतात, म्हणजे पेशी आतला जुना कचरा मोडून परत वापरतात ती क्रिया, त्यावरच्या कामाला २०१६ चं नोबेल मिळालं हे खरंय, पण जपानी शास्त्रज्ञ ओसुमींचं ते काम मुख्यतः यीस्टवर होतं, माणसानं किती तास उपाशी राहिलं की किती सफाई होते याचा हिशोब त्यातून निघत नाही.

वजनाचं बघायचं तर चीनमधल्या ग्वांगझूचा २०२२ चा अभ्यास वाचण्यासारखाय. १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर सगळ्यांच्याच कॅलरी कमी केल्या आणि निम्म्यांना वरून सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खायचं बंधन घातलं. वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्रात टिकला नाही, योगायोगानंही पडू शकतो एवढाच होता. म्हणजे वजन उतरवलं ते कमी खाण्यानं, घड्याळानं नाही. मात्र काही जणांना घड्याळ पाळणं कॅलरी मोजण्यापेक्षा सोपं जातं, तेवढा फायदा धरा. जेवणात डाळ, अंडी, दही कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायू पण जातो, हे कुणी सांगत नाही.

आता आपला उपास. संकष्टीला दुपारी डिशभर खिचडी, वर बटाट्याचा कीस, चारला वेफर्स आणि गोड चहा, मग चंद्रोदय बघत नऊ-साडेनऊ होतात आणि त्यानंतर वरणभात, मोदक, वर तूप, आणि लगेच अंथरूण. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, प्रोटीन जवळजवळ शून्य, निव्वळ स्टार्च. त्यात कूट आणि तूप पडलं की रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा जास्तच होतं! शिवाय रात्री उशिरा शरीराला साखर हाताळायला जड जातं, म्हणजे शुगरवाल्यांसाठी हे वेळापत्रक उलटंच आहे. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी असं ताट कितीतरी बरं, फक्त भगर सुटी-जुनी घेऊ नका, बुरशी लागलेल्या भगरीतून विषबाधा होते, उपासांच्या दिवसात तशा बातम्या येतातच.

खरं कडक बघायचं तर आमच्या सांगलीकडच्या जैन घरात दशलक्षण पर्वात एकाशन धरतात, दिवसातून एकदाच एका बैठकीत जेवण. मिरजेत रोजे धरणारे तर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीपण घेत नाहीत. ही दोन्ही सोळा-आठच्या जास्त जवळची. रोज्यात वजन थोडं उतरतं पण नंतर बहुतेकांचं परत येतं, आणि रमजान उन्हाळ्यात आला की पाणी कमी पडतं त्यामुळं मुतखडा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी जपून.

शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मग कुठला प्रकार हा प्रश्नच दुसरा. ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन सकाळी घेतलं आणि खिचडी दोनला मिळाली तर थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी, हे होऊ शकतं. शुगर ७० च्या खाली गेली की एकादशी असो की रोजा, तिथंच सोडायचा, ग्लुकोज नाहीतर साखरपाणी घ्यायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी असतो. डापाग्लिफ्लोझिनवर असाल तर लांबलचक उपासात रक्तात ॲसिड वाढायची भीती, त्यामुळं डोस बदलायचा का हे डॉक्टरला आधी विचारा, उपासाच्या दिवशी सकाळी नाही. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाची पोरं, आधीच वाळलेली म्हातारी माणसं, यांनी दोन्हीच्या नादी लागू नये.

माझं मत विचाराल तर नुसतं वजन कमी करायचं असेल तर सोळाच्या मागं लागायच्या आधी बारा तास जमवा, संध्याकाळी साडेसातला जेवण आणि सकाळी साडेसातला नाश्ता. कुपवाड एमआयडीसीत कामाची शिफ्ट बदलत असेल तर सोळा-आठ दोन आठवड्यांत मोडतंच, तिथं चहाबरोबरची खारी-बिस्किटं बंद केली तरी जास्त पदरात पडतं. आणि एकादशी देवासाठी धरत असाल तर खुशाल धरा, पण मग तिच्याकडनं वजनाची अपेक्षा ठेवू नका.