बँकनेट पोर्टल: पुण्यात लिलावाचा फ्लॅट शोधणाऱ्यांसाठी

कर्ज थकल्यामुळे सरकारी बँका ज्या मालमत्ता विकायला काढतात, त्या एका जागी बघायच्या असतील तर बँकनेट हे पोर्टल आहे. जानेवारी २०२५ मध्ये ते नव्या रूपात सुरू झालं आणि बाराही सरकारी बँका त्यावर आहेत. मालमत्ता शोधायला आणि किमतींची तुलना करायला ते खरोखर चांगलं आहे. मात्र त्यावर दिसणारी राखीव किंमत (ज्याखाली विक्री होत नाही ती किमान रक्कम) म्हणजे फ्लॅटचा भाव असं समजून जो उतरतो, त्याचं गणित पहिल्याच दिवशी चुकतं.

जिल्हा पुणे निवडला की बारामती-जुन्नरपासून सगळं समोर येतं, त्यामुळे वाघोली, धायरी, उंड्री असा भाग टाकून शोधा. मालमत्तेच्या पानावर राखीव किंमत, इसारा रक्कम म्हणजे ईएमडी (बोली लावण्याआधी भरायची अनामत), लिलावाची तारीख आणि ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक, एवढं आधी वाचा. बाकी वर्णन किती तपशिलात असेल ते त्या त्या बँकेने काय भरलंय त्यावर अवलंबून असतं. म्हणून पोर्टलवरचं पान, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि बँकेच्या अटींचा दस्त शेजारी शेजारी ठेवून वाचा. शुद्धिपत्रक निघालं असेल तर तेही. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे तिथेच कळतं. बिल्टअपच्या आकड्याला कार्पेट समजून चौरस फुटाचा दर काढला तर महाग फ्लॅटही स्वस्त भासतो.

राखीव किंमत बँक मनाने लावत नाही. थकीत कर्जाचं तारण विकायचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांनुसार बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला आधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा लागतो आणि मग बँकेशी विचारविनिमय करून ती ठरवावी लागते. अशा अहवालात साधारणपणे तीन आकडे असतात: बाजारमूल्य, प्रत्यक्षात वसूल होईल असं मूल्य, आणि घाईच्या विक्रीत मिळेल ते मूल्य. राखीव किंमत यांतल्या कोणत्या आकड्याच्या जवळ आहे ते नोटिशीत लिहिलेलं नसतं. ते आपणच ताडायचं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, शेजारी रेडी रेकनरचा म्हणजे सरकारी दर ठेवा. इंडेक्स टू हाच खरा मापदंड. दलालाच्या तोंडचा भाव किंवा जाहिरातीतला आकडा धरू नका.

नियमाचा एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. राखीव किमतीपेक्षा कमी रकमेची विक्री कायम होऊ शकत नाही. आणि राखीव किमतीपेक्षा जास्त रक्कम आलीच नाही, तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते. म्हणूनच अनेक नोटिशींत पहिली बोली राखीव किंमत अधिक एक वाढीचा टप्पा अशी मागतात. ‘राखीव किमतीलाच पडेल’ या हिशोबाने बसू नका.

आता पैशांचं वेळापत्रक, कारण बोली जिंकलेले लोक अडकतात ते इथेच. हिशोबासाठी एक फ्लॅट धरू: राखीव किंमत ४८ लाख, ईएमडी १० टक्के म्हणजे ४.८ लाख, वाढीचा टप्पा २५ हजार. बोली ५२.५ लाखांवर थांबली. विक्री किमतीच्या २५ टक्के, म्हणजे १३,१२,५०० रुपये, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. त्यात ईएमडी धरलेली असते, म्हणजे ८,३२,५०० रुपये तयार हवेत. उरलेले ३९,३७,५०० विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी संमतीने वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. गृहकर्जाची फाइल लिलाव जिंकल्यावर लावली तर १५ दिवस फार कमी पडतात. कर्जमंजुरी आधी घ्या, आणि लिलावातल्या मालमत्तेला ती बँक कर्ज देते का, हे स्पष्ट विचारून घ्या. उरलेली रक्कम चुकली तर भरलेले २५ टक्के जप्त होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण जप्ती योग्य ठरवली आहे, तेव्हा निम्मे तरी परत मिळतील ही आशा ठेवू नका.

वरून ७ टक्के मुद्रांक शुल्क (५२.५ लाखांवर ३,६७,५००) आणि नोंदणी शुल्क ३० हजार. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस विक्री किमतीतूनच कापून भरायचा असतो. तो खर्च वाढवत नाही, पण विसरला तर मागाहून व्याज लागतं.

म्हणून हिशोब उलटा करा. सगळं मिळून तुमच्याकडे ५५ लाख आहेत. सोसायटी आणि महापालिकेची थकबाकी दीड लाख, डागडुजी दोन लाख, नोंदणी ३० हजार वजा केले तर उरले ५१.२ लाख. त्याला १.०७ ने भागा: सुमारे ४७.८५ लाख. म्हणजे ४८ लाखांची राखीव किंमत बघून ‘बजेटमध्ये आहे’ असं वाटलेला हा फ्लॅट पहिल्या बोलीआधीच बजेटबाहेर गेलेला असतो. हा कमाल आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, आणि त्या पाच-पाच मिनिटांत माणसं २५ हजारांचे टप्पे न मोजता चढवत जातात.

थकबाकीबद्दल बँकेची भूमिका ‘जसे आहे, जेथे आहे’ ही एकच, म्हणजे ती घेणाऱ्याच्या माथी. मिळकत कराची थकबाकी पुणे महापालिकेच्या संकेतस्थळावर दिसते, आणि तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत असते. सोसायटीच्या सचिवांकडून देखभाल खर्चाचं येणं लेखी घ्या. वीजबिलाचंही तेच. भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) आहे का, हे उपनगरांत आवर्जून बघा.

एखाद्या मालमत्तेचा लिलाव पुन्हा पुन्हा निघतो आणि दर खेपेला राखीव किंमत उतरते. पुण्यात अशा मालमत्ता शोधणारे बरेच आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पहिल्या विक्रीसाठी किमान ३० दिवसांची नोटीस लागते, फेरलिलावाला १५ दिवसांची, त्यामुळे वाट बघणं परवडतं. पण किंमत का उतरली हे शोधल्याशिवाय ईएमडी भरू नका. कारण बहुधा ताब्यात असतं. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस, आत माणसं. पुढे सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष ताबा मिळवण्याला किती काळ लागेल ते कुणी लिहून देत नाही. भाडेकरू असेल तर त्याच्या कराराची तारीख बँकेच्या तारणाच्या आधीची आहे का ते पाहा. कर्जदाराने पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक घेऊन वकिलाकडून स्थिती काढा. बँकेने सांगितलेलं ‘स्थगिती नाही’ हे त्या दिवसापुरतं खरं असतं.

पोर्टलवर नोंदणी, केवायसी आणि वॉलेटमध्ये ईएमडी भरणं हे काम लिलावाच्या आदल्या संध्याकाळवर ठेवू नका. ईएमडीची शेवटची तारीख लिलावाच्या आधीची असू शकते, आणि रक्कम वॉलेटमध्ये नुसती असून चालत नाही, ती त्या मालमत्तेशी जोडावी लागते.

पोर्टलची मोठी मर्यादा पुणेकरांनी लक्षात ठेवावी. सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या विक्रीसाठी या पोर्टलवर विसंबता येत नाही. त्यांतल्या बऱ्याच विक्री सहकार कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली होतात. तिथे याच किमतीला अपसेट प्राईस म्हणतात आणि तिला सहकार निबंधक कार्यालयाची मंजुरी घेतली जाते. तिथे २५ नव्हे, १५ टक्के रक्कम लिलावाच्या वेळीच भरायची असते, बाकी १५ दिवसांत. शिवाय ठरावीक मुदतीत पैसे भरून विक्री रद्द करून घेण्याची सोय तिथे कर्जदाराला आहे, म्हणून रंगकाम-फर्निचरला लगेच हात घालू नये. या लिलावांसाठी मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसा आणि त्या संस्थेचा सूचना फलक, हेच मार्ग.