टॉनिक कडू लागतं, पण त्यात साखर असते: व्होडकासाठी नागपुरात मिळणारे बिनकार्बचे मिक्सर

साध्या व्होडकात कार्बोहायड्रेट नसतं. मूळ माल धान्य असो की मळी, त्यातली साखर ऊर्ध्वपातनात मागेच राहते. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि त्याच्या ७० कॅलरी होतात. या कॅलरी कुठलाच मिक्सर कमी करू शकत नाही. ग्लासात कार्ब येतं ते वरून ओतलेल्या गोष्टीतून, म्हणून इथे परीक्षण त्याच गोष्टींचं. फ्लेवरवाल्या व्होडकापासून मात्र जपून. काहींत गोडवा घातलेला असतो आणि बाटलीवर साखरेचा आकडा बहुधा नसतो. चव गोडसर लागली तर ती बिनकार्बच्या हिशेबात धरू नका.

सुरुवात टॉनिक वॉटरपासून, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. क्विनाइनमुळे ते कडू लागतं आणि पिणाऱ्याला वाटतं यात साखर कशाला असेल! साध्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८-९ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ३०० मिलीचा कॅन संपवला की २५ ग्रॅम, म्हणजे जवळपास सहा सपाट चमचे साखर पोटात. कोला याच्या फार पुढे नाही, १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या जवळपास. कडूपणा हवाच असेल तर साखर नसलेलं टॉनिक मागा आणि कॅनच्या मागचा तक्ता वाचा. समोर ‘लाइट’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. भारतात ‘शुगर फ्री’ लिहायला १०० मिलीत जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, ‘लो शुगर’ पेयाला मात्र अडीच ग्रॅमपर्यंत मुभा आहे. आणि नजर ‘शुगर’च्या ओळीवर नको, ‘कार्बोहायड्रेट’च्या ओळीवर हवी. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) साखरेच्या ओळीत दिसत नाही, कार्बच्या ओळीत दिसतं.

डाएट कोक, कोक झीरो, पेप्सी ब्लॅक हे सीताबर्डीपासून सदरपर्यंत कुठेही सहज सापडतात आणि कार्बचा प्रश्न त्यांत नाही. व्होडकाची जोड म्हणून मात्र गुण मध्यमच. कोलाची चव एवढी दांडगी की आत महागडी व्होडका आहे की स्वस्तातली, कळायला मार्ग नाही. ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याची चव मागाहून जिभेवर रेंगाळते आणि पेय कोमट झालं की जास्तच जाणवते. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. साखरेचं पेय पोटात जास्त वेळ थांबतं, बिनसाखरेचं लवकर पुढे सरकतं. त्यामुळे तेवढीच व्होडका डाएट कोलातून घेतली तर लवकर आणि जास्त चढते. त्यात कॅफीन असल्याने झिंग आलेली पटकन लक्षातही येत नाही. डाएट मिक्सर असेल तर दोन पेगमधलं अंतर वाढवा.

आमची पहिली पसंती साधा सोडा. किनले घ्या, बिसलेरी घ्या, कार्बच्या बाबतीत फरक शून्य. फरक पडतो तो बुडबुड्यात आणि क्षारात. सामग्रीत ५००(ii) दिसलं तर तो खाण्याचा सोडा. अशा सोड्यात लिंबू पिळलं की आंबटपणा थोडा मरतो, मग लोक आणखी लिंबू पिळत बसतात. रक्तदाब असलेल्यांनी सोडियमचा आकडाही बघून घ्यावा. गोटी सोडाही चालतो, फक्त साधा मागा. रंगीत बाटलीत पाक असतो.

सोडा बिघडतो तो उन्हाने. ० अंशाला पाण्यात जितका वायू मुरतो त्याच्या जवळपास निम्माच २० अंशाला मुरतो. मे महिन्यात पारा ४५ वर असताना दुकानाबाहेर रचलेल्या क्रेटमधली बाटली घरी आणून तशीच उघडली तर बराचसा वायू हवेत जातो आणि पहिल्याच घोटात पेय मेलेलं लागतं. बाटली किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच उघडा. एकट्यासाठी ७५० मिलीची बाटली घेऊ नका, ३०० मिलीच्या दोन घ्या. उरलेल्या सोड्याची बाटली चेपून, हवा काढून झाकण लावायची युक्ती उलटी पडते. प्लास्टिक परत फुगतं आणि ती जागा भरायला सोड्यातलाच वायू बाहेर येतो.

प्रमाण ३० मिलीला १२० मिली सोडा. बर्फ वितळायच्या आधी हे साधारण साडेआठ टक्के होतं, म्हणजे स्ट्राँग बीअरच्या आसपास. व्होडकाची बाटली बेधडक फ्रीजरमध्ये ठेवा, घरच्या फ्रीजरमध्ये ती गोठत नाही. ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, कारण दोनच खडे टाकले तर ते लवकर वितळून पेय पांचट होतं. मग व्होडका आणि शेवटी सोडा ग्लासाच्या कडेने. चमचा तळातून एकदाच वर आणायचा, घुसळायचं नाही. मीठ किंवा काळं मीठ हवं असेल तर सोड्याच्या आधी टाका. नंतर टाकलं तर फेस उसळून ओट्यावर येतो आणि वायूही गेलाच. जलजिऱ्याच्या तयार पुड्यांत बऱ्याचदा साखर असते, मागची सामग्री वाचा.

लिंबू पूर्ण बिनकार्बचं नाही. १० मिली रसात जेमतेम एक ग्रॅम, तेवढं सोडून द्यायला हरकत नाही. ‘लाइम कॉर्डियल’ मात्र साखरेचा पाकच.

आता संत्रं. नागपुरात बसून व्होडकात संत्र्याचा रस घालायचा मोह होणारच, पण १०० मिली रसात सुमारे १० ग्रॅम कार्ब, म्हणजे कोलाच्याच पंगतीत. संत्र्याचा बहुतेक वास सालीतल्या तेलात असतो आणि त्या दोन-चार थेंबांत कार्ब मोजण्याइतकं नसतं. गोकुळपेठच्या बाजारातून घट्ट सालीचं फळ निवडा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळ फुगीर झालं असेल तर सोलाणं घसरतं आणि साल फाटते. हंगामाच्या सुरुवातीची हिरवट छटेची आंबिया बहाराची फळं या कामाला उत्तम. फळावर मेण असू शकतं, कोमट पाण्याने चोळून धुवा. न सोललेल्या फळावरून दोन बोटं लांब पट्टी काढा. आतला पांढरा भाग चाकूने खरवडून टाका, नाहीतर कडवट लागतो. रंगीत बाजू ग्लासाकडे धरून पट्टी चिमटा आणि काठावरून फिरवा. साध्या सोड्याला जोड म्हणून हा प्रकार पहिला आणि खर्च एका सालीचा.

दुसरा नंबर कोकम आगळाचा. कोकणी मेव्याच्या दुकानात मिळतं. सामग्रीत फक्त कोकम आणि मीठ हवं. ‘कोकम सरबत’ किंवा ‘सिरप’ लिहिलेली बाटली साखरेची. १२० मिली सोड्याला एक लहान चमचा पुरे, दोन घातले की खारट होतं.

परमिट रूममध्ये नुसतं ‘लाइम’ म्हटलं की बहुतेकदा कॉर्डियलच ओतलं जातं. ‘ताजं लिंबू, पाक नको, सोडा वेगळा आणि बंद बाटलीत’ असं सांगा. फ्रेश लाइम सोडा मागवला तर ‘सॉल्ट’ म्हणा. ‘मिक्स’ म्हणजे अर्धा पाक. चखण्यात शेव-चिवडा आला की इतका हिशेब वाया. उकडलेली अंडी, काकडी किंवा भाकरीशिवाय सावजी मटण, हे चालेल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर बिनकार्बचा पेग जास्त सुरक्षित असं समजू नका. यकृत दारू पचवण्यात गुंतलं की साखर तयार करायचं काम मंदावतं. पोटात कार्ब नसेल तर रात्री उशिरा, झोपेतही साखर खाली जाऊ शकते, आणि घाम, थरथर, बरळणं हे घरच्यांना नशाच वाटते. अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं, उपाशीपोटी पिऊ नये आणि झोपण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघावी.