फर्नेसच्या पाण्याला रोटामीटर घ्यावा की मॅगमीटर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, थंड ठेवणाऱ्या पाण्यावर प्रवाह मोजायचा मीटर बसवायचा निघाला की ही दोन नावं हमखास पुढं येतात. किमतीवरून ठरवू नका. कुठल्या लाइनवर बसवायचाय, ते आधी बघा.

रोटामीटरची नळी उभी आणि वर रुंद होत जाणारी. पाणी खालून वर जातं आणि आतला फ्लोट अधांतरी उभा राहतो. नाव फ्लोट असलं तरी तो पोलादाचा, नुसत्या पाण्यात बुडणाराच. समजा, तो १० घन सेंटिमीटरचा, ८० ग्रॅमचा आहे. पाण्याची उत्प्लावकता त्यातले १० ग्रॅम उचलते, उरलेले ७० वाहत्या पाण्याचा रेटा पेलतो. प्रवाह वाढला की फ्लोट वर सरकतो, भोवतीची फट वाढते, तिथला वेग पुन्हा पहिल्याइतका होतो आणि रेटाही ७० ग्रॅमवरच येतो. तिथं तो थांबतो. फार देखणी युक्ती आहे ही; १९०८ पासून चालत आलीय.

पण पाणी स्वच्छच लागतं. आमच्या कॉइलच्या, म्हणजे फर्नेसभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याच्या, लाइनवर फ्लोटला गंजाचा थर बसला, फट अरुंद झाली आणि कमी पाण्यातच फ्लोट वर चढला. रीडिंग भरपूर, कॉइल मात्र तापलेली. पाण्यात ग्लायकॉल निम्मं असेल तर घनता साधारण १.०७ होते, पाण्यासाठी आखलेली पट्टी तेवढ्यानंच सुमारे चार टक्के जास्त दाखवते. दाटपणाचा फरक वेगळाच.

मॅगमीटर चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून प्रवाह मोजतो. त्याच्या नळीत आडवं काही नसतं, त्यामुळं दाब जवळजवळ घटत नाही. पाइप मात्र भरलेला हवा आणि अर्थिंग चोख हवं. कूलिंग टॉवरच्या गढूळ पाण्याला मी हाच घेईन, शिवाय प्रवाह घटताच फर्नेस ट्रिप करायला त्याचा सिग्नल मिळतो.

फर्नेसच्या विजेच्या पॅनेलला थंड ठेवणाऱ्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर मात्र सांभाळा. बऱ्याच मॅगमीटरना निदान ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर वाहकता लागते आणि चांगलं डीएम पाणी त्याच्याही खाली जातं. तिथं रोटामीटरच.

इमर्जन्सी लाइनवरही रोटामीटरच बसवा. लाइट गेल्यावर वरच्या टाकीचं पाणी कॉइलला पोचतंय का, हे अंधारात बॅटरी मारून बघता येतं. फ्लोट वर उभा दिसला की पाणी चालू आहे.