सांगलीत कापून घेतलेला हीटसिंक: एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

घरी जुळवलेल्या पॉवर सप्लायमधील एलएम३१७ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) उन्हाळा सुरू होताच मध्येच बंद पडू लागला, म्हणून एप्रिलमध्ये मी सांगली बसस्थानकाजवळच्या एका दुकानातून ॲल्युमिनियमचा उभ्या पात्यांचा हीटसिंक (भागातली उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) दहा सेंटिमीटर लांबीचा कापून घेतला. १४० रुपये पडले. "साहेब, व्होल्ट राहू द्या, किती वॅट जळतात ते सांगा," असे दुकानदारांनी विचारले आणि त्या एका प्रश्नानेच माझी निवड योग्य झाली.

रेग्युलेटरमध्ये जास्तीचे व्होल्टेज उष्णता होऊन बाहेर पडते. माझ्याकडे १८ व्होल्ट येतात; त्यातून १२ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतला तर ३ वॅट जळतात, पण ५ व्होल्टला तेवढाच प्रवाह घेतला की ६.५ वॅट जळतात. हीटसिंकशिवाय दर वॅटला सुमारे ५० अंशांची वाढ होते आणि आतल्या चिपची मर्यादा १२५ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे ३८ अंशांच्या खोलीत रेग्युलेटरने तग धरणे शक्यच नव्हते.

हीटसिंकबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पाती जाड आहेत, काप सरळ आहे, आणि तो पेटीच्या मागे बाहेरच्या बाजूने पाती उभी ठेवून बसवल्यावर पंख्याशिवायही पूर्ण भारावर ७१ अंशांवर स्थिर राहतो. तक्रार आहे ती दुकानातच पाडून मिळालेल्या भोकाची आणि सोबत दिलेल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या बिनलेबलच्या पेस्टची. एलएम३१७ च्या पाठीचा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून वीज हीटसिंकमध्ये उतरू नये यासाठी मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला नायलॉनचा बुश (छोटी नळी) लागतोच; पण भोकाच्या काठावर धातूची बारीक कड उभी राहिली होती, त्यामुळे चकती सपाट बसत नव्हती, आणि पेस्ट पंधरा दिवसांत वाळून खडूसारखी झाली. रेग्युलेटरचा पत्रा ९३ अंश आणि शेजारचा हीटसिंक मात्र ७० अंश, हा २३ अंशांचा फरक थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) पाहिला तेव्हा दोष कुठे आहे ते कळले. पत्र्यापेक्षा आतली चिप ६.५ वॅटला साधारण ३० अंशांनी अधिक तापते, म्हणजे ती मर्यादेलाच टेकली होती.

मी पॉलिश पेपरने ती कड घासून काढली, भोकात अडकलेला बारीक कीस सुईने टोकरला, नवी चकती घेतली आणि चांगली पेस्ट दोन्ही बाजूंना, अभ्रक जेमतेम धूसर दिसेल इतकीच पातळ लावली. स्क्रू आवळल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यात विजेचा सलगपणा नाही, म्हणजे वीज एकातून दुसऱ्यात जात नाही, हे मल्टिमीटरने तपासले. त्याच भारावर पत्रा ८० अंशांवर आला आणि मे महिन्यात सप्लाय एकदाही बंद पडला नाही.

हीटसिंक त्या दुकानातून जरूर घ्यावा, मात्र भोक घरी पाडावे आणि पेस्ट दुसरीकडून आणावी. दुकानदारांना मी ती कड दाखवली आहे; त्यांनी पुढच्या ग्राहकांना भोके घासून देण्याचे कबूल केले.