कोकणात नवं घर: स्प्रिंकलर बसवावा, की अलार्म आणि लाल बाटल्यावर भागवावं?

जोत्याचं काम झालं, चिरा उतरला, की खर्चाच्या यादीत बोअरवेल, सोलर, सीसीटीव्ही, मॉड्युलर किचन सगळं चढतं. आगीचा विषय कोणी काढत नाही. काढलाच, तर उत्तर ठरलेलं असतं, "एक लाल बाटला (आग विझवायचा एक्स्टिंग्विशर) टांगू भिंतीला." गावातल्या एकमजली-दुमजली स्वतःच्या घराला स्प्रिंकलरची, म्हणजे आगीच्या उष्णतेने आपोआप पाणी सोडणाऱ्या नळजोडणीची, सक्ती नाही, त्यामुळे निर्णय सर्वस्वी घरमालकाचा. माझं मत आधीच सांगतो. ज्या घरात रात्री म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा पैसे देऊन आलेले पाहुणे झोपणार आहेत, तिथे स्प्रिंकलर हवा. बाकी घरांचं तारतम्याने ठरवता येतं.

अलार्म माणसाला उठवतो आणि एक्स्टिंग्विशर माणसाच्या हातात चालतो. म्हणजे दोन्हींना जागा झालेला, धडधाकट माणूस लागतो. मुलं मुंबईत आणि घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील, एकाला ऐकू कमी येतं, दुसऱ्याचे गुडघे दुखतात, अशी घरं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. रात्री दोन वाजता त्यांनी बाटल्याची पिन काढून आगीसमोर उभं राहावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

स्प्रिंकलरच्या हेडमध्ये, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोंडात, बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी असते, आत रंगीत द्रव. लाल द्रवाची कुपी साधारण 68 अंश सेल्सियसला फुटते आणि मागे अडवून धरलेलं पाणी सुटतं. कुपी फुटायला ना वीज लागते, ना सेन्सर. उदबत्ती, धूप किंवा फोडणीच्या धुराने ती फुटत नाही, कारण तिला फक्त उष्णता कळते. सिनेमात दाखवतात तसं सगळ्या खोल्यांत एकदम पाणी पडत नाही. ज्या हेडखाली आग आहे, तेवढंच उघडतं. "पाण्याने फर्निचर जाईल" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की घरगुती हेडमधून मिनिटाला साधारण 50 लिटर पाणी येतं, आणि बंबाचा होज याच्या कितीतरी पट ओततो.

तोही बंब आला तर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आपली परिस्थिती आहे. गाड्या असतात नगरपालिकांकडे आणि मोठ्या एमआयडीसींमध्ये. तिथून घाटीची वळणं काढत, पाणंदीतून वाडीपर्यंत गाडी पोचायला किती वेळ लागेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पूर्वीच्या घरात शिसवी पलंग, गोधड्या आणि घोंगड्या असत, आग हळूहळू धरायची. आताचा फोमचा सोफा, गाद्या आणि सिंथेटिक पडदे असलेली खोली पाचेक मिनिटांत पूर्ण पेटू शकते. मुंबईत फायर ब्रिगेड जवळ, तरी तिथल्या टॉवरना स्प्रिंकलर लागतो. इथे बंब लांब आणि घराला काहीच नाही, हे मला उलटं वाटतं.

बाहेर लोकांनी हा हिशेब केला आहे. कॅलिफोर्नियात 2011 पासून नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचा आहे, वेल्समध्ये 2016 पासून. अमेरिकेतल्या आगींच्या नोंदींमध्ये स्प्रिंकलर असलेल्या घरांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घटलेलं दिसतं. तिकडेही बिल्डरांनी खर्चाचं कारण पुढे केलं, आणि अनेक राज्यांत ही सक्ती होऊच दिली नाही.

आता पाणी. खरी अडचण इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकी घरगुती मानकाचा साधा हिशेब असा: दोन हेड, दहा मिनिटं. म्हणजे साधारण 1000 लिटर. आपल्या गच्चीवर हीच काळी टाकी असते. फक्त घरवापराचं कनेक्शन टाकीला वरच्या बाजूला आणि स्प्रिंकलरचं तळाशी घ्यायचं, म्हणजे अंघोळी-धुण्यात राखीव पाणी संपत नाही. त्यासाठी टाकी एक आकार मोठी घ्या.

पण पाणी असून भागत नाही, दाब लागतो. हेडपाशी किमान अर्धा बार, म्हणजे 5 मीटर उंचीवरच्या पाण्याइतका, आणि पाइपमधली घट वेगळी. गच्चीवरच्या टाकीतून वरच्या मजल्याला तो कधीच मिळत नाही. मग पंप आला, आणि पंप म्हटला की वीज. निसर्ग वादळानंतर, जून 2020 मध्ये, दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, मोटर ओढत नाही. तुमचं घर उतारावर असेल तर यावर फार चांगला उपाय आहे. टाकी वरच्या अंगाला बागेत, छतापेक्षा आठ-दहा मीटर उंचावर बसवा. पाणी आपसूक दाबाने येतं. सपाटीवर, तारकर्ली-देवबागसारख्या किनाऱ्यावर, पंपाला पर्याय नाही. त्याची लाइन मुख्य स्विचच्या आधीपासून वेगळी घ्या, म्हणजे आगीत घराची वीज बंद केली तरी पंप चालेल. वीज नसतानाची सोय काय, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप गंजतो. सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप घ्या, पण स्प्रिंकलरसाठी प्रमाणित असलेला.

स्प्रिंकलर कुठे उपयोगाचा नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. गॅस गळला तर तो काही करू शकत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्याचा डिटेक्टर जमिनीलगत लागतो. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण टाकणं हाच इलाज, त्यावर पाणी ओतू नये. खाली छत नसलेल्या कौलारू घरात उष्णता कौलांच्या फटींतून निघून जाते, हेड उशिरा उघडतं. तिथे पैसे वायरिंग नवं करण्यात, ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्यात घाला, आणि माळ्यावरची सोडणं-झावळ्या मांगरात हलवा. वर्षातले दहा महिने कुलूप असलेल्या चाकरमान्यांच्या घरालाही मी आग्रह करणार नाही; मेन स्विच बंद करून जाणं तिथे जास्त मोलाचं.

स्प्रिंकलर घेतला तरी अलार्म हवाच. तो स्वस्त आहे आणि आधी जागं करतो. झोपायच्या खोल्यांत आणि जिन्यापाशी धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा. तिथे धुराचा लावलात तर चुलीच्या नि फोडणीच्या धुराने तो रोज ओरडेल आणि आठवड्यात कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल.

खर्चाबाबत एकच गोष्ट महत्त्वाची आहे: वेळ. स्लॅब पडण्याआधी ठरवलं तर पाइप नकाशात बसतो. नंतर फोडाफोड. बाजूच्या भिंतीतून पाणी फेकणारी साइडवॉल हेडं मिळतात, त्यामुळे फॉल्स सीलिंग न करताही काम होतं. एका वाडीत दोन-तीन घरं उभी राहत असतील तर एकच कंत्राटदार मिळून बोलवा. न्याहारी-निवास चालवणाऱ्यांनी तर हे एकत्र येऊनच करावं. पाहुण्याला तुमच्या घराचा मागचा दरवाजा कुठे आहे हे अंधारात माहीत नसतं.

घरातल्यांना पटवायचं असेल तर गणपतीतली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. कापडाचं मखर, लाइटच्या माळा एकाच एक्स्टेन्शनला, समई तेवत असलेली, ओटीपासून माजघरापर्यंत अंथरुणं. भजन आटोपून सगळे गाढ झोपलेले. त्या रात्री बाटला कोण उचलणार, एवढंच विचारा. आणि स्प्रिंकलर बसवलाच, तर मखराची दोरी हेडला बांधू देऊ नका, रंगाऱ्याला त्यावर ब्रश फिरवू देऊ नका.