१२० व्होल्टचं मशीन २२० चं म्हणून गळ्यात मारलं, नाव घालायचं मशीन घेणाऱ्यांनी वाचा

भांड्यांवर नाव घालायचं मशीन म्हणजे ते पेनसारखं हातात धरून चालवायचं, घर्रर्र करणारं, ते घ्यायचा कोणाचा विचार असेल तर आधी हे वाचा. 'इम्पोर्टेड ओरिजनल' म्हणून जी विकतात त्यातली काही चक्क अमेरिकेच्या लाईटवर चालणारी असतात, आपल्या बोर्डात लावली की जळतात.

माझी वहिनी घरबसल्या स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देते. आहेराची पातेली, रुखवताचे डबे, पोरांचे टिफिन, आणि सगळ्यात जास्त काम वर्षश्राद्धाला वाटायच्या वाट्या-ताटल्यांचं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' आणि खाली तारीख. जुनं मशीन पार संपलं होतं म्हणून आम्ही पुण्यात टूल्सच्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, पण बाहेर इम्पोर्टेडची मोठी पाटी आहे आणि आत साहेब-ताई करत चहा पाजतात.

वहिनीने पहिलाच प्रश्न विचारला की हे घरच्या बोर्डात डायरेक्ट चालेल ना, कारण पिन चपटी होती, आपली गोल नव्हती. दुकानदार म्हणाला, "ताई, चायनाची पिन अशीच चपटी असते, चायनात पण २२० च आहे, हा प्लग घ्या फुकट, लावला की झालं." आणि मशीनवरचं स्टिकर दाखवलं, २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आता गंमत अशी की त्याचं बोलणं खोटं नव्हतं. चीनमध्ये खरंच २२० व्होल्ट आहे आणि चपटी पिन तिथेही चालते. पण चीनमध्ये बनलेला माल सगळ्या जगात जातो, अमेरिकेसाठी १२० चा बनतो, तैवानसाठी ११० चा, जपानसाठी १०० चा, आणि पिन सगळ्यांची जवळपास तशीच चपटी. म्हणजे पिन बघून काहीच कळत नाही, आणि फुकट दिलेला तो प्लग फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज एक व्होल्टनेही कमी करत नाही.

मग त्याने चालवून दाखवलं, एका वाटीवर भराभर 'श्री' काढला, अगदी खोल आणि ठसठशीत. वहिनी खूश झाली, म्हणाली जुन्यापेक्षा जोर आहे याला. ३,२०० रुपये दिले, पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी १८ टक्के वर पडेल, कशाला उगाच, कच्चं देतो, वॉरंटी माझ्या तोंडाची. पैसे दादाने फोनवरून भरले, हे एक बरं झालं.

घरी पहिल्याच ऑर्डरला थोड्या वाट्या झाल्या आणि मशीन हातात धरवेना इतकं तापलं, मग वार्निश जळाल्यासारखा वास, मग फटीतून धूर, आणि बंद. दुकानात फोन केला तर काय सांगावं, "तुमच्याकडे लाईट हाय येतेय, मशीनचा दोष नाही." दादाने मीटर लावून बघितलं, २३४ होतं, म्हणजे एकदम नॉर्मल. तसं सांगितल्यावर गडी म्हणतो बदलून देतो, पण आता 'सेफ्टीसाठी' कन्व्हर्टर लागेल, ९०० रुपये. म्हणजे ज्याची काही गरज नाही म्हणून विकलं त्यालाच आता कन्व्हर्टर लागतो! दादा म्हणाला आण तो पण, एकदाच काय ते बघू, आणि बॉक्समधून न काढलेलं नवं मशीन, कन्व्हर्टर आणि जळकं मशीन, तिन्ही घेऊन आमच्या गावातल्या मोटर रिवायंडिंगवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी आधी जळकं मशीन घेतलं, स्टिकरवर थिनरचा बोळा फिरवला, नखाने कोपरा उचलला, आणि खाली कंपनीची मूळ अक्षरं निघाली, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मग बॉक्स बघून ते हसायलाच लागले. बॉक्सवर लिहिलेलं, मिनिटाला ७,२०० ठोके. या मशीनमध्ये फिरणारी मोटर नसते, कॉईल आणि लोखंडाची पट्टी असते, लाईटच्या प्रत्येक सायकलला पट्टी दोनदा खेचली जाते. आपली लाईट ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० सायकल, म्हणून सेकंदाला १०० ठोके, मिनिटाला ६,०००. ७,२०० यायला ६० हर्ट्झच लागते. स्टिकरवर ५० आणि बॉक्सवर ७,२०० हे एकत्र बसूच शकत नाही. हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

आणि दुकानात एवढं मस्त कसं चाललं? काका म्हणाले, दुप्पट व्होल्टेजवर ते पहिली काही सेकंद जास्तच जोरात ठोकतं, गिऱ्हाईक खूश होतं, कॉईल तापायला वेळ लागतो, तोवर तुम्ही एसटीत बसलेले असता. साधी हिटरची तार असती तरी दुप्पट व्होल्टेजला चौपट उष्णता झाली असती, इथे तर लोखंडाचा गाभा भरून गेला, म्हणजे त्यात अजून चुंबकत्व मावेनासं झालं, की करंट अजूनच बेफाम वाढतो. म्हणून डेमो बघून घेतलं तर फसणार नाही हा समज डोक्यातून काढा. डेमो बघायचाच असेल तर सलग दहा-पंधरा मिनिटं चालवायला लावा आणि बॉडीला हात लावून बघा.

कन्व्हर्टर उघडला तर आत ट्रान्सफॉर्मरच नाही. बाहेर २,००० वॅट छापलंय आणि वजन साबणाच्या वडीएवढं, आत एक छोटं सर्किट. असले कन्व्हर्टर लाईटची लाट कापून देतात, इस्त्री किंवा हिटरसारख्या तापणाऱ्या वस्तूंना कसेबसे चालतात, कॉईलच्या नाहीतर मोटरच्या मशीनला नाही. खरा ११० चा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की जड लागतो, तांबं आणि लोखंड असतं त्यात. कोणाला अमेरिकेतून नातेवाईकाने मशीन आणून दिलं असेल तर तो घ्या, मशीनच्या वॅटपेक्षा दुप्पट क्षमतेचा, आणि तरीही अधूनमधून थांबत काम करा कारण ६० ची कॉईल ५० वर थोडी जास्तच तापते. पण विकत घेणार असाल तर सरळ २३० व्होल्ट ५० हर्ट्झचंच बघा. ॲडॉप्टरवर चालणारी जी फिरत्या बिटवाली मशीनं असतात त्यांच्या ॲडॉप्टरवर मोबाईल चार्जरसारखं १००-२४० छापलेलं असेल तर काळजी नाही, मात्र ते खरंच छापलेलं किंवा कोरलेलं पाहिजे, वर चिकटवलेलं नको. आणि बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कुठल्या देशात बनलं हे असायलाच लागतं, आमच्या बॉक्सवर यातलं एमआरपीसुद्धा नव्हतं.

जळकं मशीन काका २३० साठी गुंडाळून द्यायला तयार होते, दुप्पट वेढे आणि बारीक तार, पण दादा नको म्हणाला, पुरावा म्हणून तसंच ठेवलंय. न वापरलेलं दुसरं मशीन आणि कन्व्हर्टर परत न्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने आधी ओळखच दाखवली नाही. मग दादाने स्टिकर काढतानाचा व्हिडिओ आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट समोर धरला तर लगेच कन्व्हर्टरचे ९०० परत, मशीनचे मात्र "निम्मे घ्या आणि विषय संपवा". निम्मे घेतले नाहीत. ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकलीय, तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलंय, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाईनही करता येते. पक्कं बिल नसल्याने जरा जड जाणार हे दिसतंय, पण पेमेंट त्याच्याच दुकानाच्या नावावर गेलंय.

तोपर्यंत वाट्यांची ऑर्डर वहिनीने शेजारच्या गावातल्या भांडीवाल्याकडून मशीन मागून आणून पूर्ण केली. कोणी अशा ठिकाणाहून घेतलं असेल तर आजच मशीनवरचं स्टिकर नखाने खरवडून बघा आणि बॉक्सवरचा ठोक्यांचा आकडा वाचा.